छोट्या हॉस्पिटलला एक्स-रेसाठी आता सीआर (कॅसेट काढून रीडरमध्ये वाचायची पद्धत) नकोच, सरळ डीआर पॅनल (फोटो थेट स्क्रीनवर पाठवणारी डिजिटल पाटी) घ्या. पटतंय का?

मांजराकाठ
लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं हाडांचं छोटं हॉस्पिटल आहे. 300 एमएचं (मिलिअँपिअर, ट्यूबमधल्या करंटचं माप) जुनं मशीन चांगलं चालू आहे, पण सीआर रीडर थकलाय. डीलर म्हणायलेत नवीन सीआर घ्या, स्वस्तात पडेल. माझं मत एकदम उलटं आहे. त्याच मशीनवर 14 बाय 17 चं वायरलेस पॅनल बसतं, एक्सपोजर झालेलं, म्हणजे एक्स-रे सोडलेले, त्याला आपोआप कळतं, मशीनला वायर सुद्धा जोडावी लागत नाही, आणि फोटो काही सेकंदात स्क्रीनवर. सीआरला कॅसेट काढा, रीडरमध्ये घाला, थांबा, आणि पोझिशन चुकली असली तर परत पहिल्यापासून. मळणी यंत्रात हात गेलेला माणूस टेबलवर कळवळत असतो, त्याला तेवढा वेळ हात तसाच धरायला लावायचा हे मला बघवत नाही.

पाटोदेकर
सर, पेशंटचं तुम्ही म्हणता ते खरं, पण मी सीआरच्याच बाजूनं आहे. कॅसेट पडून फुटली तर एक कॅसेट गेली, बाकीच्यांवर काम चालू राहतं. पॅनल हातातून सुटलं की काम तिथंच बंद आणि लाखांचा फटका. पडून झालेलं नुकसान वॉरंटीत धरतात का ते आधी लेखी घ्या, तोंडी सगळेच हो म्हणतात. दुसरं म्हणजे आमच्या बीडकडं दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघाली की ओपीडी उतरते, बँकेचा हप्ता मात्र उतरत नाही.

मांजराकाठ
कॅसेट चार असल्या तरी रीडर एकच असतो ना सर? त्याचा रोलर अडकला की चारही कॅसेट कपाटात. इंजिनिअर पुण्याहून येणार तो दोन्हीला सारखाच उशिरा येणार. पॅनलचा विमा काढता येतो, आणि टेबलच्या ट्रेमध्येच ठेवून शक्य तेवढं काम केलं तर पडायचा प्रश्नच कमी होतो.

नांदेडची टेक्निशियन
दोघंही पॅनल आणि कॅसेटवरच भांडायलेत, मशीनकडं कुणी बघंना. मशीन जुन्या पद्धतीचं असलं, हाय फ्रिक्वेन्सी नसलं, आणि रब्बीत पंप सुरू झाले की लाइनचं व्होल्टेज पडत असलं, तर केव्ही (ट्यूबला लागणारं व्होल्टेज, एक्स-रेची ताकद) पूर्ण मिळत नाही आणि फोटो दाणेदार येतो. लहान लेकराच्या छातीचा फोटो काढताना एमए कमी पडला तर वेळ वाढवावा लागतो, तेवढ्यात लेकरू हलतं. त्याला पॅनल काय करणार?
अजून एक सांगते, हे फार महत्त्वाचं आहे. फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, चूक लगेच कळायची. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर फोटो सारखा करून देतं, त्यामुळं हात सैल सुटतो आणि पेशंटला विनाकारण जास्त डोस जातो, सीआर असो का डीआर. प्रत्येक फोटोला एक्सपोजर इंडेक्स (पॅनल किंवा कॅसेटवर किती एक्स-रे पडले ते सांगणारा आकडा) बघायची सवय लावा. आणि टीएलडी बॅज (आपल्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा) खुंटीला लटकत ठेवू नका, खोलीत जाताना छातीवर लावा.

पाटोदेकर
ताई, लाइनचं शंभर टक्के बरोबर. उलट मी म्हणतो सीआर घेऊन लाखभर वाचले तर आधी वेगळी केबल आणि अर्थिंग करून घ्यावं. शिवाय एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स, क्यूए म्हणजे मशीनची गुणवत्ता तपासणी, या गोष्टी आहेतच, त्यात डीलर मदत करतो का तेही विचारा.

मांजराकाठ
ताईंचं पटलं, लाइन आधी तपासतो. पॅनलवर मात्र मी ठाम आहे. डेमो संध्याकाळीच घेतो, व्होल्टेज पडलेलं असताना.

पाटोदेकर
घ्या, पण हाताचा फोटो काढून दाखवतील त्यावर जाऊ नका, हाताच्या फोटोला सगळेच पॅनल चांगले दिसतात. चांगल्या जाड माणसाची कंबर, लॅटरल म्हणजे बाजूनं, काढायला लावा. मणके नीट वेगळे दिसले तर मग बोलू. मी तरी यंदा सीआरच घेणार.