ड्रॉसोफिला (फळमाशी): एफ१ (संकराच्या पहिल्या) पिढीत पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या कशा आल्या?

गुणसूत्र_२५:
एमएस्सीच्या प्रात्यक्षिकासाठी पांढऱ्या डोळ्यांची मादी × लाल डोळ्यांचा नर असा संकर लावला आहे, तापमान २५ अंश. डोळ्यांच्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने एफ१ मध्ये सगळ्या माद्या लाल आणि सगळे नर पांढरे यायला हवेत. नर सगळे पांढरेच आहेत, पण शंभरेक माद्यांमध्ये तीसेक पांढऱ्या डोळ्यांच्या आहेत. हे नॉनडिसजंक्शन (अंडं तयार होताना दोन एक्स गुणसूत्रं वेगळी न होणं) असू शकेल का?

माशीघर:
नाही. अनुवंशशास्त्रज्ञ ब्रिजेसने १९१६ मध्ये मांडलेल्या नॉनडिसजंक्शनमध्ये अशी मादी साधारण दोन हजारांत एखादी निघते, आणि तिच्या जोडीला लाल डोळ्यांचे अपवादात्मक नरही निघतात. ते एक्सओ (एकच एक्स, वाय नाही) असल्याने वंध्य असतात. तुमच्याकडे लाल नर एकही नाही आणि पांढऱ्या माद्या ढिगाने आहेत. म्हणजे संकराला घेतलेल्या काही माद्या व्हर्जिन (समागम न झालेल्या) नव्हत्या. स्टॉकच्या बाटलीतच पांढऱ्या नरांशी त्यांचा समागम झालेला होता. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे नंतर लाल नर सोडला तरी आधीच्या नराची पिल्लं येत राहतात.

कोषातून बाहेर आल्यावर २५ अंशांना साधारण ८ तास मादी नराला दाद देत नाही. म्हणून सकाळी बाटलीतल्या झाडून सगळ्या माश्या काढा. भिंतीला किंवा बुचाला चिकटलेला एक नर राहिला तरी घात होतो. मग ८ तासांच्या आत नव्या माद्या वेचा. रात्रभर ठेवायची असेल तर बाटली १८ अंशांना ठेवा, तिथे १६ तासांपर्यंत चालतं. फिकट अंग, न उलगडलेले पंख आणि पोटातून दिसणारा काळपट ठिपका (मेकोनियम) ही खात्रीची खूण. कोवळ्या नराचं पोटही फिकटच असतं, तेव्हा पुढच्या पायावरचा सेक्स कॉम्ब (नराच्या पायावरचा कंगव्यासारखा केसांचा झुपका) पाहूनच नर वेगळे करा.

अगार_अगार:
वेचलेल्या माद्या ३-४ दिवस नराशिवाय नुसत्याच व्हायलमध्ये (अन्न घातलेल्या छोट्या नळीत) ठेवा. अंडी दिसली तरी हरकत नाही, अळ्या दिसल्या तर ती व्हायल बाद. बेशुद्ध माश्या ओल्या अन्नावर टाकू नका, चिकटून मरतात. शुद्धीवर येईपर्यंत व्हायल आडवी ठेवा. आणि मे महिन्यात इन्क्युबेटरशिवाय हे करू नये. खोली तापली की वाढ झपाट्याने होते, ८ तासांचा हिशेब चुकतो, आणि ३० अंशांच्या आसपास नर वंध्य होऊ लागतात.

गुणसूत्र_२५:
मग ही पिढी फेकून द्यायची का? एफ२ (दुसऱ्या पिढी) ची तारीख जवळ आली आहे.

माशीघर:
एफ१ ची मोजणी बाद, ती नव्याने करावीच लागेल. एफ२ साठी मात्र लाल माद्या निवडून घ्या. त्या नक्की लाल बापाच्या, म्हणजे हेटेरोझायगस (एका एक्सवर लाल, दुसऱ्यावर पांढरा जनुक असलेल्या) आहेत. नर कुठल्याही बापाचा असला तरी त्याचा एक्स पांढऱ्या आईचाच, त्यामुळे सगळे पांढरे नर चालतील. त्या माद्यांचा भावांशी आधीच समागम झालेला असला तरी बिघडत नाही. पांढऱ्या माद्या तेवढ्या बाजूला काढा. एफ२ मध्ये लाल-पांढऱ्या माद्या आणि लाल-पांढरे नर, चारही १:१:१:१. नव्या माश्या निघण्याआधी, सातव्या-आठव्या दिवशी, आईबाप काढून टाका आणि अठराव्या दिवसानंतर मोजू नका, पुढची पिढी मिसळते.