मदत हवी आहे: इंदूर – बाबांचं प्रोस्टेट, वाफ की क्लिप?

स्नेहलतागंज
बाबांचं प्रोस्टेट वाढलंय, लघवीला नळी लावलीय. एक डॉक्टर टीयूआरपी (लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडणं) म्हणतात, दुसरे लेझर. मोठं ऑपरेशन नकोय. नेटवर वाफेचं (रेझूम) आणि क्लिपचं (यूरोलिफ्ट) वाचलं. सोमवारी सांगायचंय. कोणतं चांगलं, एवढंच सांगा प्लीज.

रामबागकर
वय? किती ग्रॅम? प्रोस्टेटचा मधला लोब (भाग) मूत्राशयात शिरलाय का? नळी कधीपासून, कशामुळे? साखर? रक्त पातळ करायची गोळी? माप दिल्याशिवाय शिंपीसुद्धा कापड कापत नाही, ताई.

स्नेहलतागंज
७१. सोनोग्राफीत ६४ ग्रॅम, खाली 'मीडियन लोब' असं काहीतरी. नळीला ९ दिवस झाले. बाकी तब्येत ठणठणीत.

होलेपवाला
मग होलेपच करा, विषय संपला. लेझरने आतला गाभा सालीपासून सोलून मूत्राशयात ढकलतात, तिथे बारीक करून ओढून घेतात. ६४ असो की १५०, साइजची अडचण नाही. नळी एक-दोन दिवसांत निघते. सुरुवातीला खोकताना थोडी लघवी सुटते, ती बहुतेकांची काही आठवड्यांत थांबते. आणि टीयूआरपीलाही पोटावर चीर नसते हो, सगळं लघवीच्या वाटेनेच. 'मोठं ऑपरेशन' कसलं?

जुनी_तुकोगंज
होलेप काय किंवा टीयूआरपी काय, नंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, हे कोण सांगणार? वाफ-क्लिप निघाल्या त्या त्याचसाठी.

होलेपवाला
७१ व्या वर्षी?

जुनी_तुकोगंज
ते बाबांना विचारा. तुम्ही कोण ठरवणारे!

गोखरू_प्रेमी
गोखरूचा काढा, सकाळ-संध्याकाळ. ऑपरेशन लागतच नाही.

रामबागकर
नळी लागलेल्या माणसाला काढा नको हो. ताई, औषधांची चिठ्ठी पाहून सगळी नावं टाका. सर्दी-खोकल्याचीसुद्धा.

स्नेहलतागंज
मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, ॲटोरवास्टॅटिन. मार्चमध्ये स्टेंट टाकला, ४ महिने झाले. लघवी मोकळी व्हावी म्हणून टॅमसुलोसिन दिली होती, चक्कर येते म्हणून बाबा घेत नाहीत. नळी लागली त्या आठवड्यात सर्दीची गोळी चालू होती.

होलेपवाला
साखरेची गोळी, रक्त पातळ करायच्या दोन, हृदयात स्टेंट. आणि हे ठणठणीत?!

एम्बो_समर्थक
मग एम्बोलायझेशन बघा. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन प्रोस्टेटच्या रक्तवाहिनीत कण सोडतात. रक्त अडलं की गाठ हळूहळू आकसते. फक्त तेवढी जागा बधिर करतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची अडचणही कमी.

रामबागकर
कमी, पण दुसरी अडचण आहे. साखर आणि स्टेंटवाल्यांच्या धमन्या बऱ्याचदा कडक, वेड्यावाकड्या असतात, नळी तिथवर नेणंच अवघड होतं. वर धमन्या दिसाव्यात म्हणून डाय द्यावा लागतो, तो मूत्रपिंडाला जड जाऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी).

ताई, आता नीट वाचा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. वाढलेल्या प्रोस्टेटवर ही जोडी आली की लघवी तुंबते. म्हणजे कदाचित ऑपरेशन आत्ताच लागणार नाही. टॅमसुलोसिन ०.४ रात्री जेवणानंतर किमान दोन-तीन दिवस घेऊन, मग सकाळी दवाखान्यात नळी काढून बघतात. लघवी झाल्यावर सोनोग्राफीत आत किती उरली ते मोजतात. चक्कर येत असेल तर सिलोडोसिनबद्दल विचारा, तिने बीपी तेवढा उतरत नाही. नळी घरी ओढायची नाही, आत फुगा असतो.

चष्मेवाले_काका
मोतीबिंदू करायचा असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो, ऑपरेशन अवघड होतं.

स्नेहलतागंज
मोतीबिंदू नाहीये. वाफ की क्लिप ते कोणीच सांगत नाहीये!

रामबागकर
मधला लोब आत शिरलेला असेल तर क्लिप बहुधा नाही. ती दोन्ही बाजूंचे लोब ओढून धरते. वाफ सुईने त्या लोबलाही देता येते, ६४ ग्रॅम मापात बसतं. एकेक टोचणी ९ सेकंदांची. पण आधी सूज येते, नळी पुन्हा तीन ते सात दिवस, आणि खरा फरक पडायला दोन-तीन महिने. त्यात क्लोपिडोग्रेल. स्टेंटला चारच महिने झालेत, ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. सोमवारी आधी त्यांच्याकडे जा.

आणि नळी काढून जमलंच नाही, तर यूरोडायनॅमिक (मूत्राशयाचा जोर मोजणारी तपासणी) करून घ्या. साखरेमुळे मूत्राशयच थकलं असेल तर वाट मोकळी करूनही धार येत नाही.

होलेपवाला
हे बरोबर. माझं होलेप मागे घेतो, तूर्त.

सराफ्याचा_भिया
एमवाय या सरकारी रुग्णालयाजवळच्या सुपर स्पेशालिटीत युरोलॉजी आहे. ७० च्या वर आयुष्मान कार्डाला उत्पन्नाची अट नाही, टीयूआरपी यादीत आहे. बाकीचं दवाखान्यातल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. अवांतर: काकांना रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात शिकंजी पाजू नका.

एम्बो_समर्थक
दुधाच्या शिकंजीचा काय संबंध?

सराफ्याचा_भिया
भिया, रात्री ग्लासभर काहीही प्यायलं की तीनदा उठणं आलंच ना!

स्नेहलतागंज
थांबा. परवा शिंका येत होत्या म्हणून तीच सर्दीची गोळी मी परत दिलीय. आज रात्रीची बंद करते.