कादंबरीतल्या माणसांना त्या काळाची, त्या गावची वाटतील अशी नावं कुठून आणायची?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. पहिलीच कादंबरी लिहितेय, निम्मी झालीय आणि आता नावांवर अडकलेय. गोष्ट पाटण तालुक्यातल्या एका शेतकरी घराची आहे, कोयना धरणात गाव गेलं, अर्धं घर मुंबईला गिरणीत आणि अर्धं पुनर्वसनात. आजोबा साधारण १९२८ सालचे, त्यांची मुलं १९५० नंतरची, धाकटी आत्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या आठवड्यात जन्मलेली, आणि नात २००५ ची. लिहिताना मला आवडली ती नावं देत गेले, म्हणजे आजोबा अनिरुद्ध, आजी मृण्मयी, मुलं समीर आणि सुहास, आत्या सई. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली गोष्ट छान धरून ठेवते पण कुणी कुणाला हाक मारली की मी गावातून उठून थेट टीव्हीसमोर येऊन बसते. खरंय तिचं. पण नेटवर शोधलं की सगळी आजच्या बाळांची नावं अर्थासकट येतात, १९२८ ची कुठून आणू? आणि दुसरं म्हणजे गोष्टीत एक सावकार आहे, त्याला कुठलंही आडनाव दिलं तरी एखाद्या जातीकडे बोट दाखवल्यासारखं होतंय. काय करता तुम्ही लोक?

पितळी_डबा
ताई, माळ्यावरची भांडी काढा. खरंच सांगतोय. आपल्याकडे तांब्या, परात, घागर, डबा काहीही घेतलं की दुकानातच नाव घालून आणायची पद्धत, आणि बऱ्याचदा तारीखसुद्धा. बारशाला, लग्नाला, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेली भांडी असतात. मी एका दिवाळीला आईबरोबर भांडी घासायला बसलो आणि वही घेऊन सगळी नावं उतरवली, चंद्रभागा, अनुसया, कोंडाबाई, गजराबाई, मग पुढच्या पिढीत कुसुम, शालन, विमल, सिंधू, मग मंगल, छाया, सुनीता, आणि स्टीलच्या डब्यांवर रूपाली, वैशाली, स्वाती. पितळ संपून स्टील सुरू झालं तिथे नावंही बदललेली दिसत होती. जुन्या लग्नपत्रिका पण जपून ठेवलेल्या असतील तर सोनं आहे, कारण त्यात खालची निमंत्रकांची यादी म्हणजे एका घरातल्या तीन पिढ्या एकाच कागदावर. आणि देवळातल्या देणगीदारांच्या फरश्या. सातबारा आणि जुने फेरफार मिळाले तर तेही बघा, त्यात वारसांची नावं लागलेली असतात, म्हणजे लेकींचीही, ज्या एरवी कुठे सापडत नाहीत.

वाकळ
वरच्या प्रतिसादाशी सहमत पण नुसती यादी हातात आली म्हणून काम होत नाही असं मला वाटतं. आपल्याकडे नाव आईबाप नाही, आत्या ठेवते. बाराव्या दिवशी पाळण्याखालून वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत बाळ फिरवतात आणि आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. तर मी प्रत्येक पात्रासाठी आधी त्या आत्याच्या जागी बसते. त्या दिवशी त्या घरात काय चाललं होतं? कुलदैवत कुठलं? तुमच्या भागात पालचा खंडोबा आहे तर खंडू, मल्हारी येणार, जोतिबा असेल तर जोतीराम, घरात वारी असेल तर पांडुरंग, ज्ञानू, तुकाराम. आधीची दोन मुलं गेली असतील तर दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम दगडू, धोंडी, केरबा, भिकू असं हलकं नाव ठेवायचे. ही नावं आज ऐकायला विचित्र वाटतात पण त्यात त्या आईची केवढी भीती आहे बघा, एका शब्दात मागच्या दोन पाळण्यांची गोष्ट सांगून होते, तुम्हाला वेगळा परिच्छेद लिहावा लागत नाही. (अधिक महिन्यात जन्मला तरी धोंडू असायचा, त्यामुळे कुठलं कारण ते तुम्ही ठरवा.) आणि मुलींच्या बाबतीत नकुशी. तुमच्याच सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये नकुशा नावाच्या २८५ मुलींचं सरकारी कार्यक्रमात पुन्हा नामकरण झालं होतं, म्हणजे हे काही पणजीच्या काळातलं नाही.
अजून एक, तुमच्या आजीला दोन नावं हवीत. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे ना, तेव्हा माहेरची हौसा सासरी पार्वती होते, आणि मग आयुष्यभर हौसा म्हणणारं माणूस एकच उरतं, भाऊबीजेला येणारा भाऊ. तो गेला की ते नाव पण गेलं. मला स्वतःला हे लिहायला मिळालं असतं तर मी सोडलं नसतं.

टाक_बोरू
कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव वेगळं ठेवा. विष्णूचा इष्णू होतो, कृष्णाचा किसन, विठ्ठलचा इठू. आजी नवऱ्याचं नाव घेणार नाही, घेतलं तर उखाण्यात. आणि वाचणाऱ्यासाठी एक, सुमन सुनंदा सुशीला अशा तिघी एका घरात नकोत, खऱ्या घरांत असतात पण वाचताना गोंधळ होतो.

शाईफेक
आडनावाबद्दल लिहितो. तुमची काळजी रास्त आहे, मराठीत आडनाव कळलं की वाचक लगेच जात लावायला बसतो. मी दोन गोष्टी करतो. एक तर जाधव, पवार, गायकवाड अशी आडनावं, जी कितीतरी समाजांत आहेत, त्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही. नाहीतर गावाचं नाव मनाने बनवून त्याला कर लावायचं. पण सावकाराला खरं म्हणजे गावात आडनावाने कोण बोलवतं? शेठ, अण्णा, आप्पा एवढंच म्हणणार. तिथेच थांबा.
मात्र सगळीकडे जात पुसायची असं करू नका हं, तेही खोटं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्यानंतर हजारो घरांतली नावं बदलली, बाप धोंडू, आजा केरबा आणि पोरगा सिद्धार्थ, मुलगी सुजाता नाहीतर प्रज्ञा. तो बदल लोकांनी ठरवून केलेला आहे, आमच्या घरातही झालाय, माझ्या आजीने सांगितलेलं की हलकं नाव आता या उंबऱ्यात येणार नाही. तुमच्या गावात असं घर असेल, आणि असणारच, तर तिथली नावं काळजीने ठेवा, १९५६ च्या आधी जन्मलेला आणि नंतर जन्मलेला असा फरक दिसू द्या.

पाटी_पेन्सिल
धाकट्या आत्याचं सुचवू का? भूकंपानंतर लोक घरात झोपायला घाबरत होते, त्या आठवड्यात बारसं कोण करणार. मग तिचं नाव राहूनच गेलं असेल, नुसती बाळी. शाळेत घालताना गुरुजी विचारतात नाव काय, बापाला सांगता येत नाही, गुरुजी स्वतःच एक नाव लिहितात आणि जन्मतारीख १ जून. आमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस कागदावर १ जूनलाच येतो.

कोयनाकाठ
पाटी_पेन्सिल, तुमचं वाचून मी लॅपटॉप बंद करून अंगणात जाऊन बसले होते. भूकंपाच्या आठवड्यातली म्हणून मी तिला जन्माला घातली पण तिचं बारसं झालं का हा विचारच केला नव्हता.
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर बसून बदललं. आजोबा आता धोंडीराम, आधीचे दोन भाऊ गेलेले. आजी पार्वती, माहेरची हौसा, आणि तिचा भाऊ जो आधी फक्त एका पानावर होता त्याला मी तीन ठिकाणी परत आणलाय. मुलं शंकर आणि वसंत, पैकी शंकर गिरणीत गेल्यावर तिथल्या खोलीत त्याला सगळे पाटणकर म्हणतात, आडनाव वेगळंच असून. सावकार नुसता आप्पा. नात पूजा, तिचं नाव मुंबईत जन्मली म्हणून आईने ठेवलंय आणि आत्या त्यावरून अजून रुसलेली आहे.
आत्या घरात बाळी, शाळेच्या रजिस्टरात सुनीता. तिच्या आईला सुनीता म्हणता येत नाही, ती सुनिती म्हणते, आणि पोरगी पहिल्या दिवशी हजेरीला उभीच राहत नाही कारण तिला माहीतच नाही की सुनीता म्हणजे आपण. आज रात्री तेच पान लिहायला घेतेय.