मदत हवी आहे: लुडलमाइट (हिरवं लोह फॉस्फेट खनिज) पोकळीतून अखंड कसं काढावं?

पेग्मटाइट (भरड स्फटिकांचा अग्निज खडक) मधल्या पोकळीत, सिडेराइट (लोह कार्बोनेट) खनिजावर सफरचंदी हिरवे, पाचरीसारखे चपटे स्फटिक आहेत. सर्वांत मोठा ६ मिमी. नखाने ओरखडा उठत नाही, चाकूने सहज उठतो. कस (घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग) जवळपास पांढरा. सुटा तुकडा उन्हात ठेवूनही निळा-काळा पडला नाही. उन्हात तसं काळवंडणारं दुसरं लोह फॉस्फेट व्हिव्हियनाइट (मोह्स कठिनता १.५ ते २) नखानेच ओरखडलं असतं, म्हणून लुडलमाइट धरतोय. घनता मोजण्याइतका मोठा तुकडा नाही. आम्ल मुद्दाम टाळलंय, दोन्ही त्यात विरघळतात.

खरी अडचण पाटनाची, म्हणजे ठरावीक प्रतलावर सहज फुटण्याची. एका दिशेला ते इतकं चांगलं आहे की हातभर अंतरावर छिन्नी ठोकली तरी कडेचे स्फटिक पापुद्र्यासारखे सुटतात. उत्खननाची परवानगी आहे. वीज नाही, फक्त हातोडा, छिन्न्या, पाचरी. पोकळीत आधाराला काय भरावं, जे नंतर न घासता, आम्लाशिवाय निघेल?