मदत हवी आहे: पाहुण्यांना इंग्रजीत पत्ता सांगताना ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ चुकतंय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या २ खोल्या रिकाम्या होत्या, त्या दीड वर्षापासून आम्ही पाहुण्यांना राहायला देतो. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे बरेच असतात, त्यांच्याशी मराठी-हिंदीत निभावतं. पण बंगळूर, चेन्नई, कोचीहून लोक येतात, कधी परदेशातलेही. त्यांच्याशी सगळं व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहावं लागतं. माझं शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम.पर्यंत. वाचलेलं कळतं. लिहिताना अडते ते या बारक्या शब्दांपाशी.

मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक मेडिकल आहे. मी लिहिलं, ‘आवर हाऊस इज इन फ्रंट ऑफ द मेडिकल शॉप’. रात्री साडेनऊला पाऊस पडत असताना पाहुणे मेडिकलच्या पायरीवर उभे, बरोबर ३ वर्षांचं मूल. ते मेडिकलच्या बाजूलाच, त्याच्या पुढ्यात घर शोधत होते, आणि मी पलीकडे गॅलरीत उभी राहून वाट बघत होते. फोन लागेना. वीस मिनिटं ते लेकरू भिजलं. ते लोक काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसरं असं, की मी बाजारात गेले होते तेव्हा एकांना लिहिलं, ‘द की इज ऑन द डोअर’. किल्ली कुलपाला तशीच लावून ठेवलेली होती. त्यांनी चौकटीवर, दाराच्या वरच्या कडेवर, पायपुसण्याखाली, सगळीकडे शोधलं.

मी एक तक्ता करून ठेवला होता: ‘त’ किंवा ‘मध्ये’ म्हणजे इन, ‘वर’ म्हणजे ऑन, ‘ला’ म्हणजे ॲट. कोल्हापुरात, इन कोल्हापूर. टेबलावर, ऑन द टेबल. इथवर जमतं. पुढे तो तक्ताच मला फसवतो. ‘चौकात या’ म्हणायचं तर इन का ॲट? ‘स्टँडवर थांबा’ला ऑन? ‘रंकाळ्यावर फिरायला जा’ला ऑन रंकाळा लिहिलं तर मुलगी म्हणाली आई, हे चुकलं. बरोबर काय ते तिलाही सांगता आलं नाही.

पाठ करायची माझी तयारी आहे. पण नुसती पाठ केलेली वाक्यं नवीन जागा आली की कामाला येत नाहीत. मराठी माणसाने हे डोक्यात कसं बसवायचं, कुणी समजावून सांगेल का?

– उंबरठा

---

खडूफळा:

ताई, मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, आणि तुमचा तक्ता मी प्रत्येक वर्गात पाहिलाय. तो मुलांनी केलेला नसतो, आम्ही शिक्षकांनीच पाचवीत फळ्यावर लिहून दिलेला असतो. म्हणून आधी तो फाडून टाका.

मराठीत ‘घरी’ आणि ‘घरात’ हे दोन शब्द तुम्ही कधी चुकत नाही. ‘आई घरी आहे का?’ असं विचारताना चार भिंती आपल्या डोळ्यांपुढे नसतात, आई कुठल्या ठिकाणी आहे एवढंच विचारायचं असतं. ‘घरात साप शिरला’ म्हणताना मात्र भिंती, कोपरे, पलंगाखालची जागा सगळं दिसतं. ‘घरावर पत्रे घातले’ म्हटलं की घराची वरची बाजू. पहिलं ते ‘ॲट होम’, दुसरं ‘इन द हाऊस’, तिसरं ‘ऑन द हाऊस’. म्हणजे ही जाण तुमच्याकडे जन्मापासून आहे. व्याकरणात आपण सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ असे घोकतो, त्यातला हा ‘ई’ आता घरी, दारी, काठी अशा थोड्या शब्दांपुरता उरलाय, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. इंग्रजीने तो फरक प्रत्येक जागेला चालू ठेवलाय.

म्हणून लिहिण्याआधी प्रत्ययाकडे बघू नका, जागेकडे बघा. मी ती जागा नकाशावरच्या टिंबासारखी दाखवतोय का? तर ॲट. तिच्या आतला भाग दाखवतोय का? तर इन. एखाद्या पृष्ठभागाला किंवा रेषेला काही टेकलंय, चिकटलंय, लागून आहे? तर ऑन.

आता तुमच्याच जागा घ्या. ‘बिंदू चौकात भेटू’ यात मराठीत ‘त’ आहे, पण तुम्ही भेटीचं ठिकाण सांगताय, म्हणून ‘मीट मी ॲट बिंदू चौक’. ‘स्टँडवर थांबा’ यात ‘वर’ आहे, तिथेही ठिकाणच, म्हणून ‘ॲट द बस स्टँड’. ‘तालमीत आहे’, ‘खासबागेत कुस्ती आहे’, दोन्हीकडे ॲट चालेल. बघा, मराठीत त आणि वर असे दोन वेगळे प्रत्यय लागले आणि इंग्रजीत एकच शब्द आला. महाद्वार रोड ही रेषा, त्यामुळे त्यावरचं दुकान ‘ऑन महाद्वार रोड’. घरनंबर सांगितला की मात्र ते टिंब झालं, तिथे ॲट. (गल्लीसारख्या रस्त्याला इंग्लंडातले लोक ‘इन द स्ट्रीट’ म्हणतात, अमेरिकेतले ‘ऑन द स्ट्रीट’. दोन्ही वाचलंत तर गोंधळू नका.)

रंकाळ्याचं तुमच्या मुलीने बरोबर ओळखलं. आपण कोल्हापूरकर ‘रंकाळ्यावर’ म्हणतो तेव्हा आपल्याला काठ अभिप्रेत असतो. ‘वी वॉक्ड ऑन रंकाळा’ हे परक्या माणसाला पाण्यावर चालल्यासारखं वाटेल. तुम्ही ‘ॲट रंकाळा’ लिहा, किंवा ‘बाय द लेक’. शालिनी पॅलेस ‘ऑन द बँक ऑफ रंकाळा’, कारण तिथे काठ हा शब्द आपण स्वतंत्र उच्चारतो. पावसाळ्यात संध्यामठ पाण्यात बुडतो, तो ‘इन द लेक’. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तोच मठ मोकळा दिसतो. एकाच तळ्याला असे तीन शब्द लागले.

‘समोर’ने तुम्हाला दगा दिला, ते मात्र या तिघांच्या बाहेरचं आहे. आपल्या ‘समोर’च्या पोटात दोन अर्थ आहेत. रिक्षा मेडिकलच्या समोर लावली म्हणजे त्याच बाजूला, दुकानाच्या पुढ्यात: ती ‘इन फ्रंट ऑफ’. घर मेडिकलच्या समोर आहे, मध्ये रस्ता: ते ‘ऑपोझिट’. आणि ‘ऑपोझिट’च्या मागे ‘टू’ किंवा ‘ऑफ’ लावायची गरज नाही. ‘ऑपोझिट द मेडिकल शॉप’ एवढंच. ‘निअर’चंही तसंच, ‘निअर टू’ नको.

किल्लीचं सोपं आहे. किल्ली कुलपाच्या भोकात शिरलेली होती, म्हणून ‘इन द डोअर’. दारावर खिळा ठोकून टांगली असती तर ‘ऑन द डोअर’.

---

निळीशाई:

सरांचं पटलं, पण सगळं बघून कळेल असं मानू नका. काही ठिकाणी दोन भाषा एकच वस्तू वेगळी पाहतात, आणि तिथे पाठच करावं लागतं. मी अनुवादाचं काम करते, मला सगळ्यात जास्त त्रास अंगावरच्या वस्तूंनी दिला. आपण म्हणतो बोटात अंगठी, पायात चप्पल, हातात घड्याळ, अंगात सदरा. इंग्रजीत हे सगळं ऑन: अंगठी बोटाच्या कातडीवर बसलीय, चप्पल पायाला लागलीय. कोल्हापुरी चप्पल पायात घातलेला माणूस इंग्रजीत ती पायावर घालतो.

जेवणाचंही लक्षात ठेवा, तुम्हाला पाहुण्यांना लिहायला लागेल. ताटात भाकरी, पण ‘ऑन द प्लेट’. वाटीत तांबडा रस्सा, तो ‘इन द बोल’. आपल्याला ताटाची कड दिसते, म्हणून आपण ‘त’ म्हणतो. त्यांना ताट सपाट दिसतं. मी बरेच दिवस ‘इन द प्लेट’ लिहीत होते आणि कुणी टोकलंही नव्हतं.

झाडाचं उलट आहे. आंबा झाडावर, ‘ऑन द ट्री’. पण पोपट झाडावर बसला तर ‘इन द ट्री’, कारण तो फांद्या-पानांच्या आत बसलेला असतो. आपण दोघांनाही ‘वर’ म्हणतो.

एका ठिकाणी मात्र मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. खोलीच्या कोपऱ्यात: ‘इन द कॉर्नर’. गल्लीच्या कोपऱ्यावर: ‘ॲट द कॉर्नर’ किंवा ‘ऑन द कॉर्नर’. पाण्याचा जार खोलीच्या कोपऱ्यात आणि किराणा गल्लीच्या कोपऱ्यावर, हे तुम्ही न चुकता लिहाल.

---

घाटरस्ता:

ताई, मी टुरिस्ट गाडी चालवतो, पन्हाळा-जोतिबा माझा रोजचा. पुस्तकातलं मला काय येत नाही, पण गिऱ्हाइकाकडून ऐकून जे पक्कं झालंय ते सांगतो. कार आणि रिक्षाला इन. बस, रेल्वे, विमान यांना ऑन. टू-व्हीलरला पण ऑन. मला एका प्रवाशानं सांगितलेली खूण अशी, की ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिला ऑन. उतरतानासुद्धा हेच बघायचं: बसमधून ‘गेट ऑफ’, रिक्षातून ‘गेट आउट’. तुम्ही पाहुण्यांना रिक्षातून कुठं उतरायचं ते लिहिणार, म्हणून सांगितलं.

आणि ‘अराइव्ह’ला गाव असंल तर इन, ठिकाण असंल तर ॲट. ‘अराइव्ह इन कोल्हापूर’, पण ‘अराइव्ह ॲट द स्टेशन’. ‘अराइव्ह टू’ कधीच नाही, ते मी पण पहिली दोन वर्षं म्हणत होतो.

पन्हाळ्याचं बी विचारून घेतो. आपण ‘पन्हाळ्यावर’ म्हणतो. सर, ऑन पन्हाळा बरोबर का?

---

खडूफळा:

‘ॲट पन्हाळा’ म्हणा, ठिकाण म्हणून. तटबंदीच्या आतली गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ अंबारखाना, तर ‘इन द फोर्ट’. जोतिबाचं देऊळ मात्र ‘ऑन द हिल’, कारण डोंगर हा शब्द आला की ते त्याच्या अंगावर उभं आहे असंच दिसतं. गाडीची तुमची खूण चांगली आहे, मी ती वर्गात वापरायला हवी होती.

---

उंबरठा:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ‘घरी’ आणि ‘घरात’ वाचलं आणि मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात जाऊन मुलीला वाचून दाखवलं. २५ वर्षांत हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

आता मी पाहुण्यांना पाठवायचा मजकूर नव्याने लिहिलाय. कृपया तपासा:

‘आवर हाऊस इज ऑन द मेन रोड, ऑपोझिट द मेडिकल शॉप. गेट आउट ऑफ द रिक्षा ॲट द कॉर्नर. व्हेन यू रीच ॲट द गेट, प्लीज कॉल मी. आय विल बी ॲट होम टिल फाइव्ह. आफ्टर फाइव्ह, द की विल बी इन द डोअर. युअर रूम इज ऑन द फर्स्ट फ्लोअर. देअर आर टू चेअर्स इन द बाल्कनी.’

गॅलरीला मी इन लिहिलंय, कारण तिला कठडा आहे आणि आपण गॅलरीत म्हणतो. पण ताटाचं वाचल्यापासून मला खात्री वाटत नाही.

---

निळीशाई:

तुमची शंका बरोबर आहे. ‘ऑन द बाल्कनी’. ती बाहेर आलेली फरशी, असं त्यांना दिसतं. भारतात सगळे ‘इन द बाल्कनी’ म्हणतात, पाहुण्यांना समजेल, पण बदललंत तर बरं.

---

खडूफळा:

मजकूर छान झालाय. दोनच गोष्टी. ‘रीच’ला मागे काहीच लागत नाही: ‘व्हेन यू रीच द गेट’. आपण ‘गेटपाशी पोहोचलो’ म्हणतो, ते ‘पाशी’ भाषांतरात आपोआप येतं आणि मी चाळीसेक बॅचच्या वह्यांतून ते खोडलंय.

दुसरी गोष्ट पाहुणे अमेरिकेचे असतील तर. तिथे ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला. ते सरळ तुमच्या बैठकीच्या खोलीचं दार उघडतील. त्यापेक्षा ‘युअर रूम इज अपस्टेअर्स’ लिहा. त्याच्याआधी इन, ऑन, ॲट काहीच लागत नाही.

---

उंबरठा:

‘अपस्टेअर्स’ केलं, ‘रीच’मागचा ॲट काढला, खुर्च्या बाल्कनी‘वर’ ठेवल्या. शनिवारी कोचीहून एक कुटुंब येतंय, बरोबर वयस्कर आई आहेत. त्यांना हाच मजकूर पाठवते आणि मेडिकलवाल्या काकांनाही सांगून ठेवते. कुठे अडलं तर त्यांना विचारून रविवारी इथेच लिहीन.