खाजगी जंगल : शेजारच्या खातेदारांनी मिळून राखावं की ज्याचं त्याने बघावं?

ऐनकिंजळ :
संगमेश्वर, देवरुख पट्ट्यात जे हिरवं दिसतं ते बहुतेक सरकारी नाहीच, लोकांच्या सातबाऱ्यावरचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात राखीव वन नावापुरतं. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, उभं जंगल उक्तं घेतो आणि ऐन, किंजळसारखी झाडं सरसकट जळावू म्हणून ट्रकात. एकट्याने राखून काही होत नाही, पलीकडच्याने तोड दिली की तुमचा तुकडा मधेच लटकतो आणि मार्चमधला वणवा काय बांध बघून येत नाही. म्हणून लागून असलेल्या सात-आठ खातेदारांनी मिळून लेखी ठरवावं असं माझं स्पष्ट मत. पुण्याची एईआरएफ ही पर्यावरण संस्था संगमेश्वर भागात हेच करते, तोड न करण्याचा करार, मालकाला मोबदला, शिवाय बेहड्याची फळं फेअरवाइल्ड प्रमाणपत्रावर (रानातला माल झाडांना धक्का न लावता गोळा केल्याचं) विकली जातात आणि गोळा करताना काही धनेश पक्ष्यासाठी झाडावरच सोडतात. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला चिणून घेते, नर तीन-चार महिने फटीतून फळं भरवतो. अशी ढोली असलेलं झाड पाडलं तर नवं तयार व्हायला पिढ्या जातात.

वरकस_पड :
धनेश गोड आहे हो, पण १९७५ विसरलात? खाजगी वने संपादन कायदा आला, ३० ऑगस्टला जमिनी सरकारजमा झाल्या, कितीतरी मालकांना पत्ताच नव्हता. ज्याने झाडं राखली त्याच्या सातबाऱ्यावर खाजगी वनाचा शिक्का, ज्याने साफ केली तो सुटला, हा धडा आमच्या म्हाताऱ्यांनी घेतला आणि म्हणूनच झाड जरा मोठं झालं की लोक घाबरतात. आता तुम्ही सांगताय कागदावर लिहून द्या की इथे जंगल आहे!

कायदेपंडित_नाही :
दादा, भीती खरी आहे पण अर्धीच गोष्ट सांगताय. २०१४ साली गोदरेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सरकारने जुन्या वन कायद्याखाली नुसती नोटीस काढून ठेवली, मालकाला बजावलीच नाही, तर जमीन खाजगी वन ठरत नाही. आणि हल्ली मालकाने स्वतःहून पुढे यायचा रस्ताही आहे, वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्र आलं, मालकी मालकाचीच राहते.

वरकस_पड :
राहते ना, आणि पुढे? एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर राज्य सरकारची मंजुरी. उद्या पोराला काजू लावायचा झाला तर मंत्रालयात जाऊ? मालकी माझी आणि चावी दुसऱ्याकडे, असली मालकी तुम्हीच ठेवा.

चाकरमानी७ :
आमच्या सातबाऱ्यावर एकवीस नावं, त्यातली पाच-सहा माणसं वारलेली, वारसनोंद नाही, एक काका बडोद्याला. करारावर सही कोण करणार? गंमत अशी की ठेकेदार आला की हीच संमतीपत्रं आठवड्यात जमतात, मयत माणसाच्या वाटणीचेसुद्धा पैसे बरोबर कोणीतरी घेऊन जातो 😄

मालवणी_मिरची :
अवो, पण आमका पैसे कोण देतलो ता सांगा. काजू वर्साक पैसे देता, जंगल काय देता? आणि भाताच्या तरव्याक राब लागता, म्हंजे रोपांची जमीन भाजूक डहाळी-पालो, ती कवळ तोडूक पन बंदी काय?

ऐनकिंजळ :
नाही ओ, राबाला मुभा हवीच, पडलेलं लाकूडही न्यावं, नाहीतर कोण कशाला येईल. माझ्या मते बंदी फक्त सरसकट तोडीला. पैशांचं म्हणाल तर मोबदला काजूइतका नाही हे मान्य, पण कातळाच्या उतारावर काजूही कुठे धड होतो, तिथून सुरुवात करायला काय हरकत? खालची विहीर आणि परह्याचं, म्हणजे ओढ्याचं पाणी पण त्याच उतारावर अवलंबून आहे. आणि वरकसदादा, सरकारी घोषणेत मला रस नाहीच, मी आपसातल्या मुदतीच्या कराराबद्दल बोलतोय, ठरल्या वर्षांनी मोकळे.

चाकरमानी७ :
मुदतीचा असेल तर आमच्यातले निम्मे तयार होतील, वारसनोंदीचं तेवढं बघावं लागेल.

वरकस_पड :
बघा मग. फेब्रुवारीत वणवा अडवायला जाळरेषा काढणार असाल तर कोयती घेऊन येतो, माझ्या बाजूनेही काढू. सही मात्र मागू नका.