जुन्या लॉजच्या भिंतीतून रक्त, पण भिंतीला डाग नको

खानापूर_कौलारू:
शापित लॉजवरचा २० मिनिटांचा भयपट करतोय. जागा खानापूरकडची जुनी कौलारू इमारत, चुन्याच्या भिंती, खाली शहाबादी फरशी. भेगेतून रक्त झिरपतं, मग त्याच खोलीत एकाचा गळा चिरलेला दिसतो. साखरेच्या पाकाचं रक्त कॅमेऱ्यात गुलाबी सरबत वाटतंय आणि थोड्या वेळात दाणेदार होतंय. भिंत खराब करायची नाही ही मालकांची अट.

रंगपेटी:
पाक सोडा, लिक्विड ग्लुकोज घ्या, त्यात दाणा धरत नाही. केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, रविवार पेठेत विचारून बघा की. ५०० ग्रॅमला १५० मिली कोमट पाणी, अर्धा चमचा खायचा लाल रंग, दोन चमचे कोको. कोको आधी गरम पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात. नुसता रंग पारदर्शक, उजेड आरपार जातो म्हणून गुलाबी दिसतं. कोकोमुळे दाटपणा येतो. निळा रंग काडीच्या टोकाला लागेल तेवढाच, जास्त झाला की जांभळं. जुन्या, वाळलेल्या डागांना मात्र काकवीत थोडा लाल रंग, त्याला तोड नाही.

सुतारपक्षी:
चुन्याच्या भिंतीवर थेंबही सोडू नका. चुना रंग पिऊन घेतो, पुसून जात नाही, वरून सफेदी मारली तरी लाली फुटते. ६ मिमी प्लायचा ४ बाय ३ फुटांचा तुकडा घ्या, भिंतीच्या छटेचा डिस्टेंपर आणि वर मॅट क्लिअर वार्निशचे दोन हात द्या. मग प्रत्येक टेकनंतर ओल्या फडक्यानं पुसता येतं. भेग प्लायवरच कोरा, तिच्यात ५ मिमीचं भोक पाडा, मागून फिशटँकची हवेची नळी आणि ५० मिलीची सिरिंज. या कामाला रक्त आणखी पातळ करा, घट्ट ग्लुकोज नळीतून सरकत नाही. नळी आधी तोंडापर्यंत भरून घ्या. आत हवेचा बुडबुडा राहिला की झिरपण्याऐवजी पिचकारी उडते आणि शॉट गेला. प्लायच्या कडा कपाटामागे आणि खिडकीच्या चौकटीला लपतात.

खानापूर_कौलारू:
रात्रीच्या निळ्या लाइटमध्ये चालेल?

रंगपेटी:
निळ्या उजेडात लाल काळं पडतं. भेगेवर एक पिवळा दिवा बाजूनं द्या, ओली चमकही मिळते.

मेकअपखोली:
गळ्याच्या जखमेला लिक्विड लेटेक्स (पातळ रबर) आणि टिश्यू पेपरचे तीन-चार थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून, मग मधोमध चिरून कडा उचला. आदल्या दिवशी कलाकाराच्या हातावर ठिपका लावून बघा, लेटेक्सची ॲलर्जी गंभीर असू शकते. केसांच्या कडेला आधी व्हॅसलीन. जिलेटिन नको, मोठ्या दिव्यांखाली वितळतं. पावसाळ्यात थर लवकर वाळत नाहीत, ड्रायर थंड हवेवर ठेवून फिरवा. कपडे लवकर धुतले जावेत म्हणून भांड्यांच्या साबणाचे थेंब रक्तात घालतात, पण तोंडाजवळचं रक्त वेगळ्या बाटलीत ठेवा, त्यात साबण नको. आणि शहाबादीवर सांडलेलं लगेच गरम पाण्यानं पुसा: पाय सटकतो, शिवाय मुंग्या लागतात.